आनंदवनातील नेत्रशिबिरे

वर्ध्याहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी हिंगणघाट सोडून वरोऱ्यास पोहोचते. हा लोहमार्ग मुळात घातला गेला तो वरोऱ्याच्या कोळशासाठी. बाबा आमटे जन्मले हिंगणघाटास, २६ डिसेंबर १९१४ रोजी. त्यांचे कार्य उभे राहिले वरोऱ्यास. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असता त्यांनी सफाई कामगारांची संघटना बांधली आणि कित्येक महिने मैल्याची पाटी स्वतःच्या डोक्यावर वाहिली. आम्हा संघटनेच्या माणसांना बाबांची पहिली ओळख ही. महारोगी सेवा समिती निघाली १९४९ साली. आनंदवन तिचेच.

या आनंदवनात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तात्याराव लहाने यांनी वर्षानुवर्षे नेत्रशिबिरे घेतली. कुष्ठरोग्याचा डोळा जातो कसा, हे समजून घ्यावयास हवे. रोग चेहऱ्याच्या मज्जातंतूंवर घाला घालतो. पापणी मिटत नाही, बुबुळ बधिर होते. कचरा गेला तरी खुपत नाही, म्हणून माणूस डोळा धूत नाही. व्रण पडतो आणि बुबुळ पांढरे होते. त्यात वयाबरोबर मोतीबिंदू येतो तो निराळाच. इतर आंधळा उंबरठा आणि ताटातली भाकरी बोटांनी चाचपून ओळखतो. याची बोटे आधीच बधिर! नव्या संयुक्त औषधांनी रोग बरा होतो खरा, पण मेलेला मज्जातंतू परत येत नाही. अशा रुग्णास हात लावण्यास एके काळी किती दवाखाने तयार होते, हे तुम्हांस सांगावयास नको.

पूर्वी मोतीबिंदू काढून जाड भिंगांचा चष्मा देत. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसविण्याचा पहिला प्रयोग लंडनला हेरॉल्ड रिडले यांनी केला तोही १९४९ सालीच. खेड्यापर्यंत ते भिंग यावयास मात्र दशके लागली.

लहान्यांचा जन्म १९५७ चा, लातूर जिल्ह्यातील माकेगावच्या शेतकरी घरातला. १९९५ साली मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा आई अंजनाबाईंनी आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले. पुढे शस्त्रक्रियांचा आकडा लाखावर गेला, २००८ साली पद्मश्री मिळाली. लाखाच्या आकड्यास सभेत टाळ्या पडतात. उपकरणे उकळणारे, डोळ्यांत थेंब घालणारे, रात्री पट्ट्या सांभाळणारे हात त्या आकड्यात कोणी मोजत नाही; पण त्यांच्यावाचून शिबिर होत नाही.

२०२३ साली जे. जे.मधील निवासी डॉक्टरांनी, आम्हांस शस्त्रक्रिया करावयास मिळत नाहीत, अशी तक्रार केली. नेत्रविभागातील ज्येष्ठांनी ती नाकारली आणि लहान्यांसह त्यांनी राजीनामे दिले. शिकाऊ कामगाराला साचा हाती मिळालाच पाहिजे, या मताचा मी आहे. तथापि बोटे बधिर झालेल्या माणसाने आपला उरलेला एक डोळा नवशिक्या हाताखाली द्यावा, असे त्याला सांगावयास मी जाणार नाही.