वऱ्हाडची गावशाळा

वऱ्हाड प्रांत 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि 1866 मध्ये येथे शिक्षणखाते स्थापन झाले. परंतु तत्पूर्वी या मुलखात विद्या नव्हतीच असे मानणे जितके चूक, तितकेच पंतोजींच्या शाळेला सुवर्णयुग समजणेही चूक होय. देवळाच्या ओसरीत किंवा एखाद्या पटवाऱ्याच्या ओट्यावर भरणाऱ्या त्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत, पाढ्यांमागून पावकी, निमकी, सवायकी एका सुरात घोकीत, आणि मोडीचे वळण जरा बसले की जमाखर्चाच्या कामास लायक ठरत. पंतोजींचा मेहनताना बहुधा धान्यात मिळे. म्हणजे ज्यांच्या कणगीत धान्य, त्यांचीच ती शाळा. अस्पृश्यांच्या मुलांना तिची पायरी मोकळी नव्हती आणि मुलींचा तर तेथे विचारच नव्हता.

सरकारी शाळेने हजेरीपट आणला, तपासणीस येणारे डिप्टीसाहेब आणि त्यांचा शेरा आणला, आणि वऱ्हाडात आजही ज्याला ‘दाखलखारीज’ म्हणतात ते जाड बांधणीचे रजिस्टर आणले. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख व कारण, असे त्याचे रकाने. जन्मतारीख बापालाही ठाऊक नसे. मग गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानास पोचतो की नाही हे पाहत आणि अंदाजाने 1 जुलै टाकून मोकळे होत, त्यामुळे दप्तराच्या दृष्टीने गावची अर्धी पिढी एकाच मुहूर्तावर जन्मास आली! शिवारात सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की पटावरची मुले कापसाच्या तासात दिसत, आणि गैरहजेरी फार लांबली की नावावर रेघ पडे. ज्या कारकुनी वहीकडे गावाने तेव्हा ढुंकून पाहिले नाही, तिच्यातील आजोबाची एक ओळ मिळावी म्हणून आज नातवंडे मुख्याध्यापकांपुढे अर्ज घेऊन उभी राहतात. कारण जातपडताळणीस 1950 किंवा 1967 पूर्वीचा पुरावा लागतो.

ही शाळा सरकारची होती. ती गावाची व्हावी, हा खरा खटाटोप पुढील पिढीने केला. पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले ते अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, 1930 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले, आणि 1932 च्या सुमारास त्यांनी शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घालून कुणब्या-माळ्यांच्या मुलांना हायस्कुलाचे दार उघडून दिले. गाडगेबाबा कीर्तनातून तोच आग्रह घरोघर पोचवीत होते. 1937 मध्ये वर्ध्यास गांधीजींच्या नई तालीमची परिषद भरली, आणि त्यापाठोपाठ प्रांताचे मंत्री रविशंकर शुक्ल यांनी दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावशाळा चालवावी अशी ‘विद्यामंदिर’ योजना मांडली. योजना सुबक होती. पण मुसलमान समाजाने नावासच हरकत घेतली आणि ती वादात अडकली.

मोझरीचा विचार याहून निराळ्या वाटेने आला. यावलीस 1909 मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांचे स्वतःचे शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडे गेले नाही. 1935 मध्ये त्यांनी मोझरीस गुरुकुंज आश्रम उभारला तो खंजिरीच्या भजनावर, सामुदायिक प्रार्थनेवर आणि पहाटेच्या रामधुनीबरोबर होणाऱ्या ग्रामसफाईवर. 1955 च्या ‘ग्रामगीते’त ‘जीवन शिक्षण’ हा अध्यायच आहे. पुस्तक शिकून शेताला नालायक ठरणारा मुलगा ही त्यांना गावाची हानी वाटे. या आग्रहात थोडा एकांगीपणा आहे, असे मला वाटते: ज्याच्या बापाला शेतच नाही, त्याला पुस्तकच तारणार होते. तरीही शाळा झाडणे, सारवणे व तिची चौकशी करणे हे गावाचे काम आहे, ही त्यांची भूमिका मला निर्विवाद वाटते.

गावाने शाळा सांभाळण्याच्या या भूमिकेशी फिलिपाईन्सचा इतिहास ताडून पाहण्याजोगा आहे. तेथे स्पॅनिश राजवटीने 1863 मध्ये गावोगाव प्राथमिक शाळांचे फर्मान काढले, आणि 1901 मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून पाचशेहून अधिक अमेरिकन शिक्षक उतरले ते इंग्रजी घेऊनच. वऱ्हाडच्या प्राथमिक शाळेने मात्र इंग्रज अमदानीतही मराठी सोडली नाही. पण फिलिपाईन्समध्येच 2003 पासून शाळा उघडण्यापूर्वी पालक व शेजारीपाजारी एकत्र येऊन वर्गांची डागडुजी व रंगरंगोटी करतात. गुरुकुंजाच्या सेवकास हे दृश्य परके वाटणार नाही.

1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावशाळा त्यांच्याकडे गेली. आता सकाळी रस्त्यावर पिवळ्या गाड्या मुलांना ‘कॉन्व्हेंट’कडे नेताना दिसतात, आपल्याकडे कोणत्याही इंग्रजी शाळेस हेच नाव आहे. गुरुजी चांगले नाहीत म्हणून मुले जातात असे नव्हे. ज्यांचे गावात वजन आहे त्यांची मुले आधी गेली, आणि मग गळक्या छपराची तक्रार करणारा आवाजच क्षीण झाला. 2009 च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पण मजुरी बुडवून सभेस कोण बसणार, याची तरतूद त्या कायद्यात नाही.