गिअरच्या दांड्यावरचा गोळा

१९६९च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात पोर्शेने ९१७ ही शर्यतीची गाडी मांडली. साडेचार लिटरचं बारा सिलिंडरी इंजिन, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि वजन घटवण्याचा असा ध्यास, की गिअरच्या दांड्यावरचा गोळासुद्धा बाल्सा लाकडाचा. खेळण्यातली विमानं करतात तेच हे लाकूड. पाच सेंटिमीटर व्यासाचा बाल्साचा गोळा जेमतेम दहा ग्रॅमच्या आसपास भरतो. पुढच्याच वर्षी याच गाडीने पोर्शेला ल मांच्या शर्यतीतलं पहिलं एकूण विजेतेपद मिळवून दिलं. आज मात्र हौशी गाडीवाले कंपनीने दिलेला नॉब काढून त्या जागी तेवढ्याच आकाराचा पोलादी गोळा बसवतात, आणि तो भरीव असेल तर त्याचं वजन अर्ध्या किलोवर जातं.

शर्यतवाल्यांना जे ओझं वाटत होतं ते रस्त्यावरच्यांना हवंसं कधी वाटू लागलं, याचं उत्तर गोळ्यात कमी आणि त्याच्या खालच्या गिअरबॉक्समध्ये जास्त आहे.

१८९०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोरने पानार-लेव्हासोरच्या मोटारींना सरकत्या चाकांचा गिअरबॉक्स बसवला. दांडा ढकलला की दातेरी चाक सरकून दुसऱ्या चाकात घुसायचं, दोन्हींचा वेग जुळो वा न जुळो. १९०१च्या मर्सिडीजमध्ये विल्हेल्म मायबाखने दांड्याला खाचांची चौकट दिली आणि आज सगळ्यांच्या हाताला माहीत असलेली आडवी-उभी चाल रूढ झाली. पण गिअर पडणं म्हणजे अजून कसबच होतं. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरने वेग जुळवा, पुन्हा क्लच दाबा. चुकलं की खर्रकन आवाज. त्या काळच्या बेंटलीसारख्या इंग्रजी गाड्यांत हा दांडा चालकाच्या उजव्या हाताला, दाराच्या बाजूला असायचा. त्याच्या टोकावर लाकडाचा, कडक रबराचा किंवा पुढे बेकलाइटचा लट्टू असे. तळहाताला लोखंडी सळई टोचू नये, एवढंच त्याचं काम. वजनाचा विचार कुणी करत नव्हतं, कारण वेग जुळला नसेल तर जड गोळ्याने दाते फक्त जास्त जोरात आपटले असते.

अमेरिकेत तर दीड कोटी लोकांना हा लट्टू बघायलाच मिळाला नाही. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये गिअर पायांनी बदलायचे. १९२७च्या शेवटी मॉडेल ए आली आणि फोर्डच्या गिऱ्हाइकाच्या हातात नेहमीचा दांडा आला. याच काळात रंगीत काचेचे, वलयावलयांचे, ऑनिक्स दगडाचे नॉब अमेरिकन दुकानांत दिसू लागले. काचेचा गोळा तसा वजनदारच, पण घेणारा तो रंगासाठी घ्यायचा.

खरा बदल १९२८ला झाला. त्या वर्षी कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं. गिअर गुंतण्याआधी दोन शंकूसारखे भाग एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाने वेग सारखे होतात आणि मगच दाते एकमेकांत बसतात. चालकाच्या कानाचं आणि पायाचं काम यंत्राने उचललं. आता हाताला फक्त क्षणभर दाबून थांबायचं होतं. जड नॉबला अर्थ येण्यासाठी जी जागा लागते ती इथे तयार झाली, पण ती भरायला कित्येक दशकं गेली.

मधल्या काळात दांडाच जमिनीवरून उठला. १९३८च्या सुमाराला अमेरिकन कंपन्यांनी तो स्टिअरिंगच्या खांबावर नेला. पुढच्या सलग सीटवर तीन माणसं बसावीत म्हणून. आपल्याकडे ही पद्धत ॲम्बॅसॅडरने आणि कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटने, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीने, घरोघरी नेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्याला ती आठवेल: स्टिअरिंगमागून बाहेर आलेली बारीक सळई, टोकाला छोटंसं बोंड, आणि ड्रायव्हर तिला दोन बोटांनी वर-खाली करायचा. तिथे जड गोळा बसवला असता तर आडव्या दांड्याला तो सतत खाली ओढत राहिला असता. पद्मिनी टॅक्सीची सेवा मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ला कायद्याने संपली. तोवर खांबावरचा गिअर ही बहुतेकांच्या लेखी आठवणीतली गोष्ट झाली होती.

दांडा पुन्हा जमिनीवर आणण्याची हौस युद्धोत्तर कॅलिफोर्नियातल्या हॉट रॉडवाल्यांची. जुन्या फोर्डमध्ये मोठी इंजिनं कोंबणाऱ्या या पोरांनी नॉबची चेष्टा-मस्करीही करून घेतली: बिलियर्डचा आठ नंबरचा काळा चेंडू, कवटी, फासा. त्या हौसेला धंद्याची शिस्त लावली जॉर्ज हर्स्टने. पेन्सिल्व्हेनियातल्या त्याच्या कंपनीचा शिफ्टर इतका भरवशाचा ठरला, की १९६४च्या पाँटियॅक जीटीओमध्ये तो कारखान्यातूनच बसून येऊ लागला. हर्स्टचा पांढरा गोळा आणि त्यावर कोरलेला गिअरचा नकाशा अमेरिकन तारुण्याची खूण झाला. १९६८पासून अमेरिकी सुरक्षा नियमाने हा नकाशा चालकाच्या नजरेसमोर असणं सक्तीचं केलं. सूट फक्त नेहमीच्या तीन गिअरवाल्या गाड्यांना. जपानमध्येही तपासणीत तो दिसावा लागतो. म्हणून बाजारातला कोरा, गुळगुळीत गोळा बसवणारे जपानी डॅशबोर्डवर नकाशाचा छोटा स्टिकर डकवतात.

जपान्यांनी या वस्तूवर जेवढा जीव लावला तेवढा क्वचितच कुणी लावला असेल. पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये फुलं गोठवलेले लांबट नॉब तिथे सत्तर-ऐंशीच्या दशकांत ट्रकवाल्यांचे आणि टोळक्यांच्या गाड्यांचे भूषण होते. याच देशातल्या होंडाने १९९२च्या एनएसएक्स-आरमध्ये टायटॅनियमचा नॉब दिला. युरोपात फोक्सवागनने १९७६च्या गोल्फ जीटीआयमध्ये गोल्फचा चेंडू बसवला. कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनरची, आणि चौकड्यांच्या सीटकापडाचीही तिचीच. पोर्शेने कॅरेरा जीटीला लाकडी गोळा देऊन ९१७ला मुजरा केला.

मग वजनाचं वेड आलं कुठून? पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या वाढल्या, गिअरबॉक्स बॉनेटखाली आडवा गेला आणि दांडा त्याला लांब केबलींनी किंवा सळ्यांनी जोडला गेला. मधल्या जोडांत थोडं घर्षण, थोडी ढिलाई. त्यात हौशी लोकांनी छोट्या चालीचे शिफ्टर बसवायला सुरुवात केली. जुन्या एसटीत बॉनेटशेजारून वर आलेला लांबलचक दांडा ज्याने पाहिलाय, त्याला तरफेचं गणित वेगळं सांगायला नको. दांडा आखूड केला की हाताला चाल कमी लागते पण जोर वाढतो, आणि गिअरच्या खाचेत अडकलेली स्प्रिंगची गोळी ओलांडताना ते जाणवतं. टोकाला वजन असलं की हाताने दिलेला वेग ते धरून ठेवतं आणि त्या अडथळ्यावरून सरसर जातं. गंमत अशी की कारखान्यांना हे आधीच माहीत होतं. फोक्सवागनच्या अनेक गिअरबॉक्सवर, बॉनेटखाली, निवडीच्या दांड्याला एक लोखंडी वजन जोडलेलं असतं. गाडीच्या मालकाला ते कधी दिसतही नाही. २०२०च्या सिव्हिक टाइप आरमध्ये होंडाने तेच काम डोळ्यांसमोर आणलं: थेंबाच्या आकाराचा नॉब आणि आत ९० ग्रॅमचं वजन.

इथे घनतेचा हिशेब उपयोगी पडतो. पाच सेंटिमीटरच्या भरीव गोळ्याचं आकारमान सुमारे ६५ घनसेंटिमीटर. डेलरिन प्लास्टिकचा केला तर तो ९० ग्रॅमच्या आसपास, ॲल्युमिनियमचा १७५, टायटॅनियमचा जवळजवळ ३००, पोलादाचा ५१०, पितळेचा ५५०. आट्याचं भोक पाडलं की थोडं कमी. म्हणजे टायटॅनियम घेणारा वजनासाठी पैसे मोजत असेल तर फसला. पोलाद स्वस्तही आहे आणि जडही. प्लास्टिकच्या हलक्या नॉबवरून तीनशे-चारशे ग्रॅमवर जाणाऱ्याला फरक पहिल्याच दिवशी कळतो. त्यापुढचा प्रत्येक ग्रॅम बहुधा हौसेचा.

आणि हौसेला किंमत आहे. झिजलेल्या सिंक्रोची खरखर जड गोळ्याखाली दडून जाते, दुरुस्ती मात्र टळत नाही. खाचेची स्प्रिंग थकली असेल तर खडबडीत रस्त्यावर हलणारं तेच वजन गिअर निसटायला हातभार लावतं. मे महिन्यात जळगाव-नागपूरला उन्हात उभ्या गाडीतला पोलादी गोळा हातात धरवत नाही. तिथे डेलरिन किंवा चामड्याचं आवरण शहाणपणाचं.

विकत घेण्याआधी आटे तपासावे लागतात. होंडाचे साधारणपणे एम १० बाय १.५, माझदाचे एम १० बाय १.२५, टोयोटा आणि सुबारूचे एम १२ बाय १.२५. बऱ्याच युरोपीय गाड्यांत आटे नसतातच, नॉब नुसता दाबून बसवलेला असतो. काही गाड्यांत रिव्हर्ससाठी नॉबखालची कडी वर ओढावी लागते. अशा गाडीला नवा गोळा घ्यायचा तर ती कडी त्याच्याखाली मोकळी हलते का, हे दुकानातच बघून घ्यावं. नाहीतर पार्किंगमधून गाडी मागे घ्यायला जुनाच नॉब परत चढवावा लागतो.