परवाना ते स्वयंरचना : ओझर, चेंगडू आणि पिंपरी-चिंचवड यांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :

भारतातील विमाननिर्मितीच्या आरंभकथेत चीनचा संबंध येतो, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांची १९३९ मध्ये विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी भेट झाली. पॉली त्या वेळी चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होते. या भेटीतून पुढे म्हैसूर सरकारच्या सहभागाने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन झाली. १९४२ मध्ये भारत सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. दोन्ही देशांचा आरंभ असा परकीय साहाय्यानेच झाला. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. चीनच्या ‘सी-९१९’ या प्रवासी विमानाने ५ मे २०१७ रोजी पहिले उड्डाण केले आणि २८ मे २०२३ रोजी ते प्रवासी सेवेत दाखल झाले. या बनावटीचे स्वदेशी विमान भारताजवळ नाही.

हा फरक केवळ भांडवलाचा आहे की शिकण्याच्या पद्धतीचाही आहे, याचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. परवान्याने केलेल्या उत्पादनातून कारागिरी येते. रचनाक्षमता मात्र परवाना संपल्यावर स्वतः उभे राहावे लागते तेव्हाच कसाला लागते, हे येथील गृहीतक आहे.

१. एकच विमान, दोन कारखाने :

१९६० च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत रशियाने ‘मिग-२१’ या लढाऊ विमानाचे तंत्रज्ञान भारत व चीन या दोघांनाही देऊ केले. भारतासाठी १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे सांगाड्याचा कारखाना उभा राहिला. इंजिने कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे तयार होऊ लागली. त्याच वर्षी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची स्थापना झाली. सुट्या भागांच्या जुळणीपासून आरंभ करून ओझरच्या कामगारांनी कच्च्या मालापासून विमान घडविण्यापर्यंत मजल मारली. ही कामगिरी लहान नव्हती.

चीनला परवाना १९६१ मध्ये मिळाला. परंतु दोन्ही देशांचे संबंध बिघडले आणि कागदपत्रे अपुरी राहिली. जे हाती आले त्यावरून उरलेले शोधून काढणे चिनी अभियंत्यांना भाग पडले. त्यातून तयार झालेल्या ‘जे-७’ने जानेवारी १९६६ मध्ये उड्डाण केले. त्याचे उत्पादन पुढे मुख्यतः चेंगडू येथे होऊन २०१३ पर्यंत चालले. एकाच मूळ आकृतीत पिढ्यान् पिढ्या बदल करताना रचनेचे शिक्षण झाले. त्याच चेंगडूमधून १९९८ मध्ये ‘जे-१०’ आणि २०११ मध्ये ‘जे-२०’ या विमानांनी प्रथम उड्डाण केले.

ओझरमध्ये मात्र एक परवाना संपण्याच्या सुमारास दुसरा येत गेला. मिग-२१ नंतर मिग-२७ आणि २००० च्या करारानंतर सुखोई-३० ही विमाने तेथे तयार झाली. चीननेही १९९६ मध्ये सुखोई-२७ चा परवाना घेतला. पण ठरलेली २०० विमाने पूर्ण न करता मध्येच थांबून स्वतःची आवृत्ती काढली. त्यावर रशियाने नक्कल केल्याचा आक्षेप घेतला. या मार्गाचा नैतिक व कायदेशीर प्रश्न दृष्टिआड करता येणार नाही.

२. पिंपरी-चिंचवडचा अनुभव :

अशीच कसोटी महाराष्ट्रातील दुसऱ्या एका पट्ट्यात याच काळात लागली. पुणे-नाशिक मार्गावर भोसरी आणि चाकण आहेत. ओझर तेथून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि या परिसरात मोटार उद्योग वाढला. टेल्कोचा डेम्लर-बेंझशी १९५४ मध्ये झालेला करार १९६९ मध्ये संपला. तो संपण्यापूर्वीच, १९६६ पासून, सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात यंत्रे, साचे व डाय स्वतः बनविण्याची आणि कारागिरांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था उभारण्यास प्रारंभ झाला होता. १९८६ मधील ‘४०७’ हे हलके मालवाहू वाहन आणि १९९८ मधील ‘इंडिका’ ही त्याची फळे होत. आकुर्डीच्या बजाज ऑटोचा पियाजिओशी असलेला परवाना करार १९७१ मध्ये संपला. त्यानंतर ‘चेतक’ आली.

इंडिकाच्या बाह्यरूपासाठी इटलीतील संस्थेचे साहाय्य घेतले होते, हे येथे महत्त्वाचे आहे. म्हणजे स्वयंरचना म्हणजे सर्व काही एकट्याने करणे नव्हे; काय विकत घ्यावयाचे याचा निर्णय आपल्या हाती असणे होय. याउलट उदाहरणही याच परिसरात सापडते. वालचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये चिंचवड येथून ‘रिओ’ ही गाडी बाजारात आणली. तिचा आधार एका चिनी कंपनीची गाडी होता.

३. तुलनेच्या मर्यादा :

मोटारीला लाखो ग्राहक असतात. लढाऊ विमानाला एकच असतो. चूक सुधारण्याची संधी मोटार कारखान्याला दरवर्षी मिळते, तर हवाई दल सीमेवरील गरज सोडून प्रयोगाची वाट पाहू शकत नाही. त्यामुळे ओझरच्या परवान्यांना कारणे होती. शिवाय चीनचे यशही अपुरे आहे. शांघायमध्ये तयार झालेले ‘वाय-१०’ हे प्रवासी विमान १९८० मध्ये उडाले, पण पुढे प्रकल्प सोडून द्यावा लागला. सी-९१९ चे इंजिन आजही अमेरिकी-फ्रेंच कंपनीचे आहे.

निष्कर्ष :

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथे तयार झालेल्या पहिल्या ‘तेजस मार्क-१ए’ने उड्डाण केले. सहा दशके रशियन लढाऊ विमाने घडविणाऱ्या हातांनी भारतीय रचनेचे लढाऊ विमान घडविले. त्याचे इंजिन अमेरिकी आहे. या बाबतीत आपण आणि चीन एकाच उंबरठ्यावर अडखळतो.

परवाना घेणे हा दोष नव्हता. तो संपेल त्या दिवसाची तयारी न करणे हा दोष होता, असे या तुलनेवरून म्हणता येते. ती तयारी टेल्कोने साच्यांच्या कारखान्यातून आणि प्रशिक्षण वर्गातून केली. ओझर आणि पिंपरी-चिंचवड यांच्यामध्ये अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. आपला विद्यार्थी दिलेला आराखडा वाचावयास शिकतो की तो असाच का आहे हे विचारावयास शिकतो, हा प्रश्न म्हणूनच कारखान्यांइतकाच आपल्या वर्गांचाही आहे.