धर्मकीर्तींचा ‘वादन्याय’ आणि आपण

बौद्ध आचार्यांनी या देशाला केवळ शील दिले नाही. त्यांनी तर्कही दिला. सतीशचंद्र विद्याभूषण यांनी १९०९ साली बौद्ध व जैन तर्कपरंपरेस ‘मध्ययुगीन संप्रदाय’ असे नाव देऊन तिचा स्वतंत्र इतिहास लिहिला. परंतु या परंपरेतील अनेक मूळ ग्रंथ भारतातून नाहीसे झाले होते. सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्तींचा ‘वादन्याय’ हा त्यांपैकीच एक. त्याची संस्कृत पोथी महापंडित राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटातून उजेडात आणली.

पुणे विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापन केलेले डॉ. प्रदीप गोखले यांनी १९९३ साली या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर विवेचनासह प्रसिद्ध केले. १९९७ साली धर्मकीर्तींच्याच ‘हेतुबिंदू’वरील त्यांचा ग्रंथ निघाला. हे कार्य आम्हांस मोलाचे वाटते.

न्यायसूत्रांनी वादातील पराभवाची २२ कारणे, म्हणजे ‘निग्रहस्थाने’, सांगितली. शेताच्या रक्षणास काटेरी कुंपण घालावे, तसे तत्त्वरक्षणासाठी जल्प व वितंडा वापरण्यासही त्यांची मुभा होती. धर्मकीर्तींनी हे दोन्ही नाकारले. त्यांच्या मते पराभवाची कारणे दोनच. आपला सिद्धान्त मांडणाऱ्याने आवश्यक प्रमाण न देणे किंवा अनावश्यक ते बोलणे, हे पहिले. प्रतिपक्षाने खरा दोष न दाखविणे किंवा नसलेला दोष दाखविणे, हे दुसरे. शब्दच्छल करून प्रतिपक्षास गप्प बसविणे हा विजय नव्हे. सज्जनांचा वाद सत्यासाठी असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

ज्या आचार्यांनी वादाला ही शिस्त लावली, त्यांनीच ‘प्रमाणवार्तिका’त जातीचा गर्व हे बुद्धिमांद्याचे एक लक्षण मानले. वेदप्रामाण्य आणि स्नानाने पुण्य मिळते ही समजूतही त्यांनी त्याच पंक्तीत बसविली. तर्क व समता यांचे नाते असे जुने आहे. बुद्धवचन ओळखण्यासाठी पूज्य बाबासाहेबांनी विवेकाचीच कसोटी सांगितली, हे येथे स्मरणीय आहे.

म्हणून आम्ही आपल्या धम्मबांधवांस विचारतो: आपल्या सभांतून मतभेद झाला की आपण प्रतिपक्षाच्या युक्तिवादातील दोष दाखवितो, की त्याच्या निष्ठेवर शंका घेतो? दुसरा मार्ग सोपा आहे. परंतु धर्मकीर्तींच्या नियमाने तो आपलाच पराभव ठरतो.