अकाली अंडाशय-निष्क्रियता : गुणसूत्रीय कारणे

वयाच्या चाळिशीपूर्वी अंडाशयाचे काम मंदावून किंवा थांबून पाळी जाण्याची अवस्था. काही मुलींना पाळी येतच नाही. रक्तात एफएसएच (अंडपुटके वाढवणारे संप्रेरक) वाढलेले, इस्ट्रोजेन घटलेले असते. स्वप्रतिकार विकार, शस्त्रक्रिया, किरणोपचार ही इतर कारणे. पुष्कळ स्त्रियांत कारण सापडत नाही.

गुणसूत्रीय कारणांत प्रमुख टर्नर लक्षणसमूह. हेन्री टर्नर यांनी १९३८ मध्ये त्याचे वर्णन केले. १९५९ मध्ये चार्ल्स फोर्ड व सहकाऱ्यांनी अशा मुलीच्या पेशींत एकच एक्स गुणसूत्र (४५,एक्स) असल्याचे दाखवले. सुमारे २,५०० मुलींमागे एकीत तो आढळतो. गर्भावस्थेत अंडपेशी तयार होतात, पण झपाट्याने नष्ट होतात. काही पेशींत ४५ व काहींत ४६ गुणसूत्रे असल्यास पाळी सुरू होऊन पुढे जाऊ शकते. एक्सच्या लांब भुजेची तूट किंवा तिची अन्य गुणसूत्राशी अदलाबदल हीदेखील कारणे होत. वाय गुणसूत्राचा अंश आढळल्यास गाठीचा धोका असल्याने जननग्रंथी सहसा काढतात. एफएमआर-१ जनुकातील ५५ ते २०० पुनरावृत्ती हेही एक कारण, पण त्या गुणसूत्र-तपासणीत दिसत नाहीत; त्यासाठी वेगळी डीएनए चाचणी लागते.

४७,एक्सएक्सएक्स (एक एक्स गुणसूत्र जास्त) : या विकाराशी संबंध संभवतो, प्रमाणाविषयी मतभेद.

गुणसूत्र-तपासणी : हेपॅरिनच्या नळीतले रक्त गोठवायचे नसते, कारण पेशी जिवंत हव्यात. त्या सुमारे ७२ तास वाढवून विभाजन मध्येच थांबवतात, जिम्सा रंगाने पट्टे उमटवतात व साधारण वीस-तीस पेशी मोजतात. वाशीम जिल्ह्यातील आसेगावासारख्या गावातून नमुना पाठवण्यापेक्षा मुलीनेच शहरात जाऊन रक्त देणे अधिक खात्रीचे. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी नाही, उंचीही भावंडांपेक्षा कमी, अशा मुलीला ‘येईल पुढे’ म्हणून नुसत्या पाळीच्या गोळ्यांवर ठेवणे घातक आहे : टर्नर असल्यास उंची वाढवण्याच्या उपचाराची वेळ निघून जाते आणि त्यासोबत असू शकणारा हृदयदोष नजरेआड राहतो.

उपचार : हाडांच्या व हृदयाच्या रक्षणासाठी साधारण पन्नाशीपर्यंत संप्रेरके. मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी अशा स्त्रियांसाठी अंडदानाचे तंत्र वापरले. त्यातून देशातील पहिले मूल २४ जानेवारी १९९१ रोजी जन्मले. टर्नर असलेल्या स्त्रीत मात्र गरोदरपणी महाधमनी फाटण्याचा धोका असतो. अंडदानाचा विचार करण्यापूर्वी हृदय व महाधमनीची तपासणी अनिवार्य.