खिशातला कोश

कोश निवडताना आपण आधी आकार पाहतो. पण तो कोणत्या कामासाठी हवा, हे आधी ठरवावे. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’चे काम स्पष्ट होते : दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे. तो श्लोकबद्ध, म्हणजे खिशात नव्हे, कंठात बाळगण्याचा! मोल्सवर्थचा १८५७ चा कोश मात्र मांडीवरच घ्यावा.

आमच्या नांदेड-लातूरकडची अडचण निराळी. निजामी अमलात कचेरीची भाषा उर्दू. कलेक्टर म्हणजे ‘अव्वल तालुकदार’. १९४८ साली तो अंमल संपला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६२ साली सरकारी ‘पदनाम कोश’ निघाला. नवे हुद्दे कळले. पण घरच्या पेटीतल्या जुन्या कागदांचे काय? त्यांतला बैनामा म्हणजे खरेदीखत, रहन म्हणजे गहाण, तकसीम म्हणजे वाटणी, हिबा म्हणजे बक्षीस. एका शब्दावर शेताची मालकी फिरते.

म्हणून छोटा कोश घेताना हे चार शब्द त्यात शोधावेत. सापडले, तर कोश आपल्या कामाचा. न सापडले, तर माधव जूलियनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश वाचनालयात जाऊन उघडावा. सुबक बांधणीवर भुलू नये. आजोबांचा कागद नातवाला वाचता आला पाहिजे.