चित्रफितींतील उपसंस्कृती : रोलरब्लेडिंगच्या इतिहासाची साधने

दप्तरे, अहवाल व वृत्तपत्रे ही इतिहासलेखनाची प्रस्थापित साधने होत. परंतु ज्या समूहाने दप्तरेच ठेवली नाहीत, त्याचा इतिहास कशावरून लिहावा? अमेरिकेतील रोलरब्लेडिंगच्या संदर्भात या प्रश्नाचे उत्तर चित्रफितींत शोधावे लागते.

एका रेषेत चाके असलेल्या स्केटचा आधुनिक प्रसार १९८० च्या दशकात मिनेसोटा राज्यातील स्कॉट ओल्सन यांच्या उद्योगामुळे झाला. हिमहॉकीच्या खेळाडूंना उन्हाळ्यात सराव करता यावा, हा त्यामागील मूळ हेतू होता. १९९० च्या दशकात तरुणांनी हे साधन रस्त्यावर आणले. जिन्यांचे कठडे, सार्वजनिक इमारतींच्या पायऱ्या व भिंती हेच त्यांचे क्रीडांगण बनले. १९९५ मध्ये ऱ्होड आयलंड येथे भरलेल्या पहिल्या एक्स्ट्रीम गेम्समध्ये या प्रकारास स्थान मिळाले.

व्यावसायिक चित्रपटांनी या खेळाची कोणती प्रतिमा उभी केली? 'एअरबोर्न' (१९९३) व डिस्ने वाहिनीचा 'ब्रिंक!' (१९९८) या दोहोंत कथेचा शेवट शर्यतीने होतो. याउलट, स्केटरांनी स्वतः चित्रित केलेल्या व्हीएचएस फितींत बहुधा शर्यत नसते. जमिनीलगत धरलेला कॅमेरा, एकच कठडा, वारंवार पडणे आणि अखेर साधलेली एक घसरण, एवढाच त्यांचा विषय असतो. विजयापेक्षा शैलीला व पारितोषिकापेक्षा सोबत्यांच्या मान्यतेला महत्त्व देणारी मूल्यव्यवस्था येथे प्रत्ययास येते.

२००५ मध्ये एक्स गेम्समधून ही स्पर्धा वगळण्यात आली. पुढच्याच वर्षी 'बेअरली डेड' हा माहितीपट आला. खेळ जवळजवळ संपल्याचे सुचविणारे हे शीर्षकच तो जिवंत असल्याचीही ग्वाही देते. यावरून असे दिसते की, ही उपसंस्कृती केवळ बंडखोरीमुळे भूमिगत झाली नाही. बाजारपेठेने पाठ फिरविल्यामुळेही ती भूमिगत झाली.

अर्थात, या साधनाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. चित्रण करणारा, खेळणारा व पाहणारा एकाच वर्तुळातील असल्याने त्या वर्तुळास जे नको वाटले, ते फितीत आलेच नाही. शिवाय चुंबकीय फीत कालांतराने झिजते. घरोघरी पडून असलेल्या या फितींचे जतन झाले नाही, तर एका पिढीच्या अनुभवाचा प्राथमिक पुरावाच नष्ट होईल आणि मागे उरेल ती केवळ बाजारपेठेने रंगविलेली प्रतिमा.